संध्याकाळच्या घंटेनंतर

कॅथलिक धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचा दिवस कागदावर मांडला तर तो फारसा भरलेला दिसत नाही. सकाळी सहा-साडेसहाची मिस्सा, तिला अर्धा-पाऊण तास. संध्याकाळी सातच्या सुमाराला दुसरी. मधल्या वेळात कचेरीचे दोन तास, एखाद्या आजाऱ्याची भेट, शाळेत एक फेरी. बाकी दिवस मोकळा. ‘मिस्सा आटोपली की फादरांना काम काय?’ हा प्रश्न अर्धवट थट्टेत विचारला जातो, आणि थट्टा वजा केली तरी थोडी शंका उरतेच. पण हाच माणूस दुपारी तीन वाजता बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवर पेन टेकवून पेंगत असतो, रात्री अकराला उद्याच्या प्रवचनाचा कागद पुढे ओढतो आणि पहाटे गजर व्हायच्या आधीच जागा झालेला असतो. त्याचं कारण बहुधा त्याच्या स्वभावात शोधलं जातं. नियोजन जमत नाही, कुणाला नाही म्हणता येत नाही, वय झालं, साखर वाढली, नाहीतर प्रार्थना कमी पडते. मला ही कारणं वरवरची वाटतात. ह्या थकव्याचा संबंध कामाच्या वजनाशी कमी आणि दिवसाच्या आकाराशी जास्त आहे. हा दिवस दोन्ही टोकांना उघडा आहे. पहाटेचं टोक फार जुनं. रात्रीचं मात्र अगदी अलीकडचं, जेमतेम सत्तर वर्षांचं. ते उघडलं कसं, हे पाहिल्याशिवाय फादरांच्या झोपेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

१९५३ पूर्वी ख्रिस्तशरीर घेणाऱ्या प्रत्येकाला आदल्या मध्यरात्रीपासून कडक उपास असे. अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही चालत नसे. मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू स्वतः ख्रिस्तशरीर घेतातच, त्यामुळे हा नियम त्यांना रोजचा. शिवाय १९१७ च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, मिस्सेची वेळही बांधून दिली होती: पहाट फुटण्याच्या एक तास आधीपासून दुपारनंतर एक तासापर्यंत. परिणाम उघड होता. मिस्सा सकाळी उरकायची आणि मग न्याहारी करायची. सणासुदीच्या रात्री सोडल्या तर संध्याकाळची घंटा झाली की देवळाचा दिवस संपे, माणसं आपापल्या घरी जपमाळेला बसत. पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये पाण्याने उपास मोडत नाही असं ठरवलं आणि काही अटींवर संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली. १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. १९६७ पासून शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा ऐकण्याची सोय अधिक व्यापक झाली. ह्यातला प्रत्येक बदल माणसांच्या सोयीसाठी होता. कारखान्यातले पाळीचे कामगार, परिचारिका, नोकरदार बाया यांना पहाटेची मिस्सा गाठता येत नसे. त्यांना देऊळ परत मिळालं, हे चांगलंच झालं. धर्मगुरूंचीही उपाशीपोटी राबण्यातून सुटका झाली. मात्र हे सगळं होत असताना एक गोष्ट कुणाच्या मनात आली नाही. संध्याकाळ आली, पण पहाट कुणी परत घेतली नाही. दुकानाला दुसरी पाळी सुरू झाली आणि गल्ल्यावर बसणारा माणूस तोच राहिला.

वसईच्या पट्ट्यातल्या एखाद्या धर्मग्रामाचा हिशेब मांडला की हे नीट दिसतं. इथले कॅथलिक एकेकाळी बागायत, भाजीपाला, मासेमारी यांवर जगत. पहाटे उठणं हा धंद्याचाच भाग होता आणि पहाटेची मिस्सा त्यात सहज बसे. आज त्यांची मुलं-नातवंडं विरार-चर्चगेट लोकलने मुंबईला जातात. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. गर्दीच्या वेळी उभ्याने जाऊन उभ्याने यायचं. हे लोक घरी पोचतात आठ-साडेआठला. मग धर्मग्राम मंडळाची सभा कधी ठेवायची? साडेआठनंतर. लग्न ठरलेल्या जोडप्याला फादरांना भेटायचं तर कधी? नऊला. गायनवृंदाची तालीम, युवकांची बैठक, सणाच्या वर्गणीचा हिशेब, वाडीतल्या छोट्या गटाची प्रार्थना, सगळं त्याच दीड-दोन तासांत कोंबलेलं. दहाला जेवण, त्यानंतर उरलेली ब्रेव्हिअरी, म्हणजे धर्मगुरूंना बंधनकारक असलेली प्रहरांची प्रार्थना, मग प्रवचनाची जुळवाजुळव. दिवा मालवेपर्यंत साडेअकरा. सहाच्या मिस्सेसाठी पावणेपाचला उठायचं. हाती राहतात सव्वापाच तास, तेही मध्ये फोन वाजला नाही तर.

लोकलच्या वेळापत्रकाइतकंच इथे वयाचंही गणित आहे. वाढत्या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. म्हातारी माणसं लवकर पेंगुळतात आणि चारलाच जागी होतात. किशोरवयात ते घड्याळ उलट मागे सरकतं. रात्री अकराला मुलं ताजीतवानी आणि सकाळी सातला मेल्यासारखी. पहाटेच्या मिस्सेत पांढऱ्या केसांची गर्दी आणि रात्रीच्या बैठकीत तरुणांची, हे श्रद्धेच्या कमीजास्तपणाचं लक्षण मानलं जातं. ते निदान अर्धं तरी शरीरशास्त्र आहे. आजी आपल्या घड्याळाप्रमाणे येते, नातू त्याच्या. दोघांनाही पुरेशी झोप मिळू शकते, कारण आजी रात्रीच्या सभेला येत नाही आणि नातू पहाटेच्या मिस्सेला येत नाही. दोन्हीकडे हजर असणारा माणूस अख्ख्या धर्मग्रामात एकच.

सव्वापाच तास कमी आहेत का? अमेरिकेतल्या झोपविषयक दोन वैद्यकीय संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे जो निष्कर्ष काढला, त्यानुसार प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. ह्यावर बहुतेक धर्मगुरूंचं (आणि बहुतेक वकिलांचं, पत्रकारांचं, आयांचं) उत्तर ठरलेलं असतं: सवय झाली आहे. ह्या उत्तराचा समाचार २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हान डाँगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांनी निरोगी माणसांचे गट पाडून त्यांना सलग चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच अंथरुणात राहू दिलं आणि त्यांचं लक्ष, प्रतिसादाचा वेग, स्मरण तपासत राहिले. सहा तासांच्या गटाची घसरण रोज थोडी थोडी चालू राहिली. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची काही बाबतींतली अवस्था एक ते दोन रात्री सलग जागलेल्या माणसासारखी झाली होती. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा. त्या लोकांची स्वतःला पेंग येत असल्याची जाणीव पहिल्या काही दिवसांतच स्थिरावली. कामगिरी घसरत होती आणि त्यांना वाटत होतं, आता जमलं आपल्याला. सवय झाली म्हणजे थकवा गेला असं नसतं. थकवा मोजणारा काटा अडकलेला असतो. ‘मी ठीक आहे’ असं म्हणणाऱ्या फादरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण त्या बाबतीत त्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

झोपेचे तास मोजले तरी तिचा कस वेगळा मोजावा लागतो, आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. १९८८ मध्ये स्वीडनच्या टोर्सव्हाल आणि ऑकरस्टेट यांनी जहाजावरच्या इंजिनियरांच्या मेंदूच्या लहरी झोपेत नोंदवल्या. काही रात्री त्यांना यंत्राचा भोंगा वाजला की उठायचं होतं, काही रात्री नव्हतं. भोंग्याच्या रात्री झोप कमी झाली, गाढ झोपेचा वाटा घटला, हृदयाचे ठोके जलद राहिले, आणि हा फरक भोंगा वाजण्याच्या आधीपासूनच दिसत होता. नुसती ‘कदाचित उठावं लागेल’ ही शक्यताच झोप पातळ करते. धर्मगुरूंच्या आयुष्यात ही शक्यता वर्षातून तीनशेहून जास्त रात्री असते. मरणासन्न माणसाला तेल लावण्यासाठी बोलावणं येऊ शकतं; प्रत्यक्षात ते महिन्यातून दोनदाच येत असेल, पण शरीर तिसाव्या रात्रीही कान देऊन झोपतं. डॉक्टरांच्या, अग्निशमन दलाच्या नोकरीत अशा रात्री वाटून घेतलेल्या असतात. धर्मग्रामाला पाळ्या नाहीत.

पाळ्या का नाहीत, ह्याचं उत्तर सोळाव्या शतकात सापडतं. त्या काळच्या युरोपात असंख्य धर्मगुरू आपल्या धर्मग्रामात राहतच नसत; उत्पन्न तिथलं आणि मुक्काम शहरात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ह्यावर कडक उपाय केला: धर्मगुरूंनी आपल्या लोकांत राहिलंच पाहिजे, वर्षातून दोन महिन्यांहून जास्त गैरहजर राहता कामा नये. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ५३३ व्या कलमात हा नियम अजून आहे, फक्त सुटी एका महिन्यावर आली. गैरहजेरीच्या रोगावरचं ते औषध होतं आणि ते लागू पडलं. मात्र ‘राहणं’ ह्या शब्दाचा अर्थ १५६३ मध्ये जो होता तो आज राहिलेला नाही. तेव्हा धर्मगुरूंच्या घरी यायचं तर कुणाला तरी अंधारातून चालत यावं लागे, दार ठोठवावं लागे, कुत्र्याला तोंड द्यावं लागे. तेवढी यातायात करणाऱ्याचं काम खरोखर तातडीचंच असे. आता रात्री पावणेअकराला उशालगतचा मोबाइल उजळतो आणि निरोप असतो: फादर, उद्याच्या मिस्सेत बाबांच्या नावाचा हेतू घेता येईल का? विचारणाऱ्याची चूक नाही. त्याला आत्ताच आठवलं. ट्रेंटने धर्मगुरूंना गावात आणलं, फोनने त्यांना उशापर्यंत आणलं, आणि ह्या दोहोंच्या मधलं अंतर कुणी कायद्याने ठरवलेलंच नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. झोप कमी झाली तर बिघडतं काय? मिस्सेचे शब्द पाठ असतात, संस्काराची सत्यता धर्मगुरूंच्या तरतरीवर अवलंबून नाही हे तर चर्चचंच जुनं मत आहे. पेंगत केलेला बाप्तिस्माही बाप्तिस्माच. हे खरं आहे आणि दिलासा देणारंही आहे. पण धर्मगुरूंच्या कामाचा मोठा भाग पाठ केलेल्या शब्दांचा नसतो. पापनिवेदनाच्या खिडकीशी बसलेल्या फादरांना समोरचा माणूस काय सांगतो आहे, काय सांगायचं टाळतो आहे, कुठे आवाज अडतो आहे हे ऐकायचं असतं, आणि दोन मिनिटांत योग्य तो शब्द द्यायचा असतो. तिथे टिपण घेता येत नाही, नंतर कुणाशी चर्चा करता येत नाही, चुकलं तर त्या माणसाला परत बोलावता येत नाही. ही सगळी कामं मेंदूच्या ज्या भागांकडे आहेत तेच निद्राहानीने आधी ढासळतात. २००७ मध्ये यू, वॉकर आणि सहकाऱ्यांनी एक रात्र न झोपलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतल्या भावनांशी निगडित अमिग्डाला ह्या केंद्राची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त आढळली आणि तिला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी तिचा दुवा सैल झालेला दिसला. साध्या भाषेत, न झोपलेला माणूस लवकर भडकतो. वीस वर्षांनी धीर करून पापनिवेदनाला आलेल्या माणसावर फादर खेकसले, तर संस्कार वैध राहील. तो माणूस पुन्हा येईल का, हा प्रश्न वैधतेच्या बाहेरचा आहे. पवित्र आठवड्यात तर हे टोकाला जातं. आठवडाभर पापनिवेदनाच्या रांगा, गुरुवारी रात्री मध्यरात्रीपर्यंत आराधना, शुक्रवारी सकाळी क्रूसाची वाट आणि दुपारी मुख्य उपासना, शनिवारी काळोख पडल्यावर सुरू होणारी लांबलचक पास्काजागरणाची उपासना, आणि रविवारी सकाळी पुन्हा मिस्सा. वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रवचन धर्मगुरूंना वर्षातल्या सगळ्यात अपुऱ्या झोपेवर करावं लागतं. ऐकणाऱ्यांची अवस्था निराळी असते असं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस गावची एक घटना नोंदली आहे: पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो वाचला. पौल मात्र त्यानंतर उजाडेपर्यंत बोलतच राहिला, आणि प्रवचनकारांना ह्या कथेतला नेमका हा भाग फार आवडतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. तान्ह्या मुलाची आई, रात्रपाळीची परिचारिका, तीनला उठून मासळीच्या लिलावाला जाणारी कोळीण, यांची झोप काय कमी मोडते? बायकामुलं नसलेल्या, जेवण हातात मिळणाऱ्या धर्मगुरूंचं एवढं कौतुक कशाला? तुलना म्हणून हा आक्षेप बरोबर आहे. कोळणीचे कष्ट जास्त आहेत, ह्यात वाद नाही. मात्र तिची झोप कशी मोडते ते पाहिलं तर फरक दिसतो. ती तीनला उठते आणि आठला झोपते; तिचा दिवस जड असला तरी त्याला एक टोक बंद आहे. आईची झोप मोडते ती काही वर्षं, मग मूल मोठं होतं. आणि घर असणं ह्याचा एक अर्थ असा की ‘आता पुरे, झोपा’ असं दरडावणारं कुणीतरी घरात असतं. ब्रह्मचर्याचा विचार करताना सहसा एकटेपणाबद्दल बोललं जातं. झोपेच्या अंगाने त्याचा अर्थ इतका साधा आहे की तो लक्षातच येत नाही: फादरांच्या घरात त्यांचा दिवा मालवणारा दुसरा हात नसतो. चर्चला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. धर्मसंहिता धर्मगुरूंना एकत्र राहण्याची शिफारस करते, प्रमुख आणि सहाय्यक धर्मगुरूंनी एका छपराखाली राहावं असं सुचवते. पण एकत्र राहायला दोघं तरी हवेत. २०२३ अखेरच्या व्हॅटिकनच्या आकड्यांनुसार जगात सुमारे १४० कोटी कॅथलिक आणि सुमारे ४ लाख ७ हजार धर्मगुरू आहेत, म्हणजे एकामागे जवळपास साडेतीन हजार माणसं. त्या धर्मगुरूंतही सेमिनरीतले अध्यापक, कार्यालयांत नेमलेले आणि निवृत्त झालेले आलेच.

तिसरा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः धर्मगुरूच असतात, आणि तो सगळ्यात जड आहे. गेथशेमनीच्या बागेत येशू जागा होता आणि शिष्य झोपले होते. त्यांना घटकाभरही जागवलं नाही ह्याची खंत शुभवर्तमानात नोंदलेली आहे. ही कथा ज्याने सेमिनरीत शेकडो वेळा ऐकली, त्याला दुपारी आडवं होताना अपराधी वाटलं तर नवल नाही. त्यावर आणखी आर्सच्या संत जॉन मेरी व्हियानी यांचं उदाहरण. १८१८ मध्ये ते अडीचशेच्या आतल्या वस्तीच्या त्या फ्रेंच खेड्यात गेले, पुढे त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी देशभरातून लोंढे येऊ लागले, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठून ते देवळात जात आणि दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पापनिवेदनाच्या कोंदट खोक्यात काढत. १९२५ मध्ये ते संत झाले, १९२९ मध्ये जगभरच्या धर्मग्राम-गुरूंचे आश्रयदाते. आदर्शच असा असेल तर सात तासांची भाषा कोण करणार? पण व्हियानींच्या चरित्राचा दुसरा भाग भिंतीवरच्या तसबिरीत मावत नाही. ह्या माणसाने आर्समधून पळून जाण्याचा एकाहून अधिक वेळा प्रयत्न केला. १८४३ मध्ये मोठ्या आजारपणानंतर, आणि अखेरचा १८५३ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, रात्रीच्या अंधारात. लोकांनी वाट अडवून त्यांना परत आणलं. त्यांना हवा होता तो एकांत. चर्चने त्यांना संत मानलं ते त्यांच्या प्रेमासाठी, आणि ते परत आले म्हणूनही असेल. पण जागरणाने ते किती मोडले होते ह्याचा पुरावा तेच आपल्या पायांनी देऊन गेले आहेत.

शिवाय परंपरेत गेथशेमनी एकटीच नाही. वादळात बोट हेलकावे खात असताना उशीवर डोकं ठेवून झोपलेला येशू त्याच शुभवर्तमानांत आहे, आणि गर्दीमुळे जेवायलाही सवड न उरलेल्या शिष्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगणाराही. एलिया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही; खायला दिलं, तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं, मग पुन्हा खायला दिलं. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत तर झोपेचा बारीक विचार आहे. हिवाळ्यात मठवासीयांनी अर्ध्या रात्रीहून थोडं जास्त झोपून मगच उठावं, म्हणजे अन्न पचलेलं असेल. ईस्टरनंतरच्या उन्हाळी महिन्यांत रात्री लहान, म्हणून दुपारी जेवणानंतर अंथरुणावर पडून शांतपणे विसावा. पहाटेच्या प्रार्थनेचं पहिलं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा उठलेल्यांना येऊन पोचता येईल. ज्याने दीड हजार वर्षं पाश्चात्त्य धर्मजीवनाला शिस्त लावली, त्याने झोपाळूंसाठी स्तोत्र लांबवलं. बेनेडिक्टचे लोक रात्री उठत हे खरं, पण ते सूर्यास्ताला झोपतही असत. त्यांच्या दिवसाला टोक होतं. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने रात्रीची वाचनप्रार्थना दिवसाच्या कुठल्याही वेळी म्हणण्याची मुभा दिली, ती ह्याच शहाणपणाच्या वाटेवर. आणि ज्या धर्मगुरूंना प्रार्थनेत डुलकी लागण्याची शरम वाटते, त्यांच्यासाठी लिझ्यूची संत तेरेझा आहे. तिला मठात प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षं झोप लागे. आईबापांना लेकरू झोपलेलं असलं तरी तितकंच लाडकं असतं, असा विचार करून तिने स्वतःची समजूत घातली होती. पुढे तिला चर्चची आचार्या म्हणून गौरवलं गेलं.

तरीही मरणारा माणूस सकाळची वाट पाहत नाही, हे कुणीही मान्य करील. पण मध्यरात्रीच्या बोलावण्याला तेच धर्मगुरू लागतात का? धर्मसंहितेच्या १००३ व्या कलमानुसार तेल लावण्याचा संस्कार कुठलेही धर्मगुरू करू शकतात. मूळ जबाबदारी स्थानिकांची असली तरी रास्त कारण असेल तर त्यांची संमती गृहीत धरून दुसऱ्याने तो द्यायला मोकळीक आहे, आणि पवित्र तेल जवळ बाळगण्याचीही सर्वांना मुभा आहे. जीव धोक्यात असलेल्या बाळाला बाप्तिस्मा तर कुणीही, घरातली आजीसुद्धा देऊ शकते. म्हणजे शेजारच्या चार धर्मग्रामांनी रात्री वाटून घेतल्या, आठवड्यातून फार तर दोन रात्री एकाचा फोन चालू आणि बाकीच्यांचे बंद, तर कायद्याचं एक अक्षरही मोडत नाही. अडचण असते ती ‘आमचेच फादर’ हवेत ह्या मायेची, आणि ती माया खोटी नाही. आपल्याकडे दफन बहुधा चोवीस तासांच्या आत होतं. युरोपात ते आठवडाभर थांबू शकतं आणि डायरीत बसवता येतं. मयताच्या घरी आपल्या माणसाने यावं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते दुसऱ्या दिवशी दफनाला येतील ते झोपलेले असतील, की रात्रभर जागे असतील, हेही त्याच मायेने विचारात घ्यायला हवं. वेळेला मर्यादा घालण्यात काही अधर्म आहे असंही नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाची वेळसुद्धा सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी बांधली. त्यापलीकडे लग्न लावायला रोमन कॅथलिक धर्मगुरूंना आपल्या बिशपांचा परवाना लागतो. वधू-वरांच्या उत्साहाला इंग्रजांनी घड्याळ लावलं, सभांना मात्र कुणी लावलेलं नाही.

ह्या सगळ्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे दुपार. दुपारच्या प्रार्थनेच्या प्रहराला लॅटिनमध्ये ‘सेक्स्ता’, म्हणजे सूर्योदयापासूनचा सहावा तास, असं नाव. आणि स्पॅनिशमधला ‘सिएस्ता’ हा दुपारच्या झोपेचा शब्द त्याच सेक्स्तामधून निघाला. प्रार्थना आणि डुलकी एकाच नावाच्या दोन फांद्या. पोर्तुगीजांच्या सहवासातल्या गोव्याने ती फांदी अजून जपली आहे. आपल्याकडे वामकुक्षी आहेच, आणि तिला आळसाचा वास लावला तो कचेरीच्या घड्याळाने. अमेरिकी अंतराळसंस्था नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने चाळीस मिनिटांची संधी दिली. ते सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि उतरण्याच्या वेळी न झोपलेल्यांपेक्षा लक्षणीय सावध राहिले. म्हणून फादरांच्या दारावर ‘दुपारी एक ते चार भेट नाही’ अशी पाटी दिसली तर तिच्याकडे उर्मटपणा म्हणून पाहू नये. पण सव्वीस मिनिटांनी पावणेदोन तासांची तूट भरत नाही. वामकुक्षी आधार देते, रात्रीची जागा घेत नाही. आणि दुपारी जास्त झोपलं तर रात्रीची झोप आणखी उशिरा येते. दोन्ही टोकांना उघडा दिवस मधोमध टाचून बंद होत नाही. एक टोक शिवावं लागतं.

कुठलं? धर्मसंहितेचं ९०५ वं कलम इथे अनपेक्षितपणे मदतीला येतं. त्यानुसार धर्मगुरूंनी दिवसातून एकदाच मिस्सा अर्पण करायची हा नियम आहे. धर्मगुरूंची उणीव असेल आणि योग्य कारण असेल तर बिशप दोनदा परवानगी देऊ शकतात, रविवारी आणि बंधनकारक सणांना गरजेनुसार तीनदा. म्हणजे एकट्या धर्मगुरूंनी पहाटे आणि संध्याकाळी रोज दोन मिस्सा करणं ही कायद्याच्या नजरेत सवलत आहे, कर्तव्य नाही. तिची आपल्याला इतकी सवय झाली की तीच रीत वाटते. एक बंद करायची म्हटलं की पहाटेच्या वीस-पंचवीस म्हाताऱ्या माणसांचा चेहरा पुढे येतो, आणि ती माणसं वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसत आली आहेत. संध्याकाळची बंद करावी तर नोकरदारांचं देऊळ पुन्हा हिरावलं जातं. वसईत मात्र देवळं एकमेकांपासून फार दूर नाहीत. बऱ्याच ठिकाणी एका देवळाची घंटा दुसऱ्याच्या हद्दीत ऐकू जाते. एका धर्मग्रामाने रोजची पहाट घ्यावी, शेजारच्याने संध्याकाळ. पहाटवाल्या देवळातल्या सभा रविवारी मिस्सेनंतर किंवा शनिवारी दुपारी व्हाव्यात, संध्याकाळवाल्या देवळात पहाटेचा गजर बंद राहावा, आणि म्हाताऱ्यांना पलीकडच्या देवळात नेण्यासाठी एक रिक्षा ठरवावी. वीस-पंचवीस माणसांना रिक्षाच्या सात ते नऊ फेऱ्या पुरतील.